स्कॅनरमधल्या बोटापर्यंत नेमके काय पोहोचते? एफएमआरआयसाठी स्पर्शयंत्र बनवताना

आपण विचारले आहे की, एफएमआरआयसाठी, म्हणजे मेंदूचे काम चालू असताना त्याची एमआरआय चित्रे घेण्यासाठी, 3 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) स्कॅनरमध्ये उजव्या हाताच्या पाचही बोटांना एकेक करून स्पर्श द्यायचा असेल, तर मोबाइल फोनमधली कंपन-मोटर प्लास्टिकच्या डबीत बंद करून वापरता येईल का. ते जमत नसेल तर हवेवर चालणारी रचना बरी की पिझो, म्हणजे वीज दिली की वाकणाऱ्या पट्ट्यांची. आणि दुसऱ्या केंद्रात 1.5 टेस्लावर वापरात असलेले यंत्र तसेच आणून चालेल का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे आहे : नाही. बाकीच्या दोन प्रश्नांना सविस्तर उत्तर लागते, कारण आजवर मी जी यंत्रे फसताना पाहिली त्यांतली फार थोडी चुंबकामुळे फसली. बहुतेक फसली ती यासाठी की, स्कॅन चालू असताना त्वचेपर्यंत नेमके काय पोहोचत होते हे मोजावे असे ती बनवणाऱ्यांना वाटलेच नव्हते.

मोटरचा विषय आधी संपवू. फोनमधल्या कंपन-मोटरीत कायमचुंबक आणि लोखंडी कवच असते. पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा पन्नास हजार पटींहूनही बलवान असलेल्या 3 टेस्लाच्या क्षेत्रात त्या इवल्याशा चुंबकाचे काही चालत नाही. मोटर फिरतच नाही किंवा झटके देत फिरते. प्लास्टिकची डबी चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही, त्यामुळे ती बंद करून काही साधत नाही. एक ग्रॅमची वस्तू काय करणार, असे वाटू शकते. पण स्कॅनरच्या बोगद्याच्या तोंडाशी ती सुटली तर जवळ आडव्या पडलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या दिशेनेही जाऊ शकते. जानेवारी 2018 मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडरसह एक तरुण एमआरआय यंत्राकडे ओढला जाऊन मरण पावला, हे आपल्याकडच्या वाचकांना आठवत असेल. ते क्षेत्र रात्री, सुटीच्या दिवशी, स्कॅन चालू नसतानाही तेवढेच असते. म्हणून ‘फक्त एकदा आत नेऊन पाहतो’ हे वाक्य आमच्या खोलीत चालत नाही.

आता आराखड्याकडे. कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी ठरवायचे ते हे की, त्वचेतल्या कोणत्या ग्राहकांना, म्हणजे स्पर्श टिपणाऱ्या सूक्ष्म संवेदकांना, आपल्याला जागे करायचे आहे. बोटाच्या टोकाच्या केशहीन त्वचेत मर्केल ग्राहक दाब आणि कडा टिपतात आणि दाब टिकून आहे तोवर संदेश देत राहतात. माइसनर ग्राहक साधारण 5 ते 50 हर्ट्झच्या थरथरीला प्रतिसाद देतात. खोलवरचे पॅसिनियन ग्राहक 200 ते 300 हर्ट्झच्या आसपास सर्वांत तल्लख असतात आणि तिथे त्यांना एक मायक्रॉनहून कमी हालचालही कळते. म्हणजे ‘स्पर्श द्यायचा आहे’ एवढे वर्णन पुरेसे नाही. 30 हर्ट्झवर शेकडो मायक्रॉन हलणारी टाचणी आणि 250 हर्ट्झवर काही मायक्रॉन थरथरणारी टाचणी ही दोन वेगळी यंत्रे आहेत; हातावरून 1 ते 10 सेंटिमीटर प्रतिसेकंद वेगाने मऊ कुंचला फिरवणे हे तिसरे, कारण तिथे लक्ष्य केसाळ त्वचेतल्या मंद चेतातंतूंचे असते. पॅसिनियन ग्राहकांची आणखी एक पंचाईत अशी की, त्यांचे क्षेत्र मोठे असते आणि उच्च वारंवारतेचे कंपन त्वचेतून व हाडातून शेजारच्या बोटापर्यंत सहज पसरते. आपल्याला बोटे वेगवेगळी दाखवायची आहेत, तेव्हा मी तुमच्या जागी 20 ते 40 हर्ट्झच्या पट्ट्यात राहीन आणि टाचणीभोवती त्वचेला टेकणारे एक स्थिर कडे ठेवीन. त्या कड्यामुळे लाट तिथेच थांबते. हा तपशील आराखड्यात क्षुल्लक दिसतो, पण निकालात फार मोठा ठरतो.

मेंदूच्या बाजूने पाहिले तर वाव किती कमी आहे ते कळते. पेनफील्ड आणि बोल्ड्री या मेंदूशल्यचिकित्सकांनी 1937 मध्ये शस्त्रक्रियेदरम्यानच्या विद्युत-उद्दीपनावरून जो देहनकाशा मांडला, त्यात हाताला मोठी जागा आहे खरी. परंतु मध्यवर्ती खाचेमागच्या वळीवर अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचे अंतर दीड-दोन सेंटिमीटर एवढेच भरते. अंगठा कानाच्या बाजूला, करंगळी मध्यरेषेच्या बाजूला, आणि शेजारच्या दोन बोटांमध्ये काही मिलिमीटर. 3 टेस्लावर आपला एक घनकण, म्हणजे चित्राचा सर्वांत लहान ठोकळा, 2 ते 3 मिलिमीटरचा असणार. शिवाय आपण चेतापेशी थेट पाहत नसून रक्तातल्या प्राणवायूच्या बदलाची सावली पाहत असतो. ती सावली उद्दीपनानंतर पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठते आणि संकेतातला बदल एक ते तीन टक्क्यांच्या घरातला असतो. एवढ्या बारीक फरकात शेजारच्या बोटाला गेलेली थोडीशी थरथरही नकाशा पुसट करते.

हवेवर चालणाऱ्या रचनेबद्दल माझे मत अनुकूल आहे, पण डोळे उघडे ठेवून. तिचा मोठा गुण असा की, लोखंडी गाभ्याचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडमीट होणाऱ्या झडपा), कॉम्प्रेसर आणि सगळी इलेक्ट्रॉनिक्स बाहेर कन्सोलच्या खोलीत राहते. आत जातात त्या केवळ प्लास्टिकच्या नळ्या आणि त्यांच्या टोकाशी एक पडदा किंवा छोटा दट्ट्या. रुग्णाकडचे टोक धातुविरहित, अवाहक आणि अचुंबकीय ठेवता येते, आणि ‘एमआर सेफ’ या हिरव्या चौकटीच्या खुणेचा अर्थ नेमका तोच आहे. दोष नळीत असतो. दाबाची लाट नळीतून आवाजाच्या वेगाने जाते, म्हणजे सहा मीटरला सुमारे 18 मिलिसेकंद. त्यावर पडद्यामागची पोकळी भरायला आणखी वेळ लागतो, आणि रिकामी व्हायला त्याहून जास्त. त्यामुळे व्हॉल्व्हला दिलेला चौकोनी संकेत बोटावर पोहोचेपर्यंत गोलाकार टेकडी होतो. वारंवारता वाढवत नेली की टेकड्या एकमेकींत मिसळतात आणि बोटाला थरथर न जाणवता नुसता फुगवटा जाणवतो. लांब नळीवर काही दशक हर्ट्झच्या पुढे जायचा हट्ट धरू नये. नळी आखूड, भिंत कडक आणि पडद्यामागची पोकळी शक्य तितकी लहान ठेवली, तसेच व्हॉल्व्हला हवा लवकर बाहेर टाकता येईल अशी मोकळी वाट दिली, की बराच फरक पडतो. पाचही नळ्या समान लांबीच्या कापाव्यात, नाहीतर प्रत्येक बोटाचा उशीर वेगळा होईल. आणि रुग्णालयातल्या भिंतीवरच्या जोडणीतून हवा घ्यायचा विचार असेल, तर ती वैद्यकीय हवेचीच आहे ना याची संबंधितांकडून लेखी खात्री करून घ्यावी. प्राणवायूची वाहिनी या कामाला कधीही वापरू नये.

इथे एक अनुभव सांगतो. आमच्या एका अभ्यासात मधल्या बोटाचा प्रतिसाद काही जणांत दिसे, काहींत दिसत नसे. आम्ही सांख्यिकीत कारण शोधत बसलो. शेवटी एका सहाय्यकाच्या लक्षात आले की, धिप्पाड व्यक्ती आत सरकवली की तिच्या कोपराखाली बरोबर तिसऱ्या क्रमांकाची नळी दबते. संगणकाच्या नोंदीत प्रत्येक स्पर्श ‘दिला’ असे लिहिलेले होते, आणि ती नोंद खरीही होती. व्हॉल्व्ह उघडत होता, बोटाला मात्र काहीच लागत नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक वाहिनीच्या बोटाकडच्या टोकापासून एक बारीक परतीची नळी बाहेर आणून तिच्यावर दाबमापक बसवतो. खर्च फारसा होत नाही. प्रत्येक स्पर्शाचा पुरावा मिळतो.

पिझोचे गणित उलटे आहे. दोन पातळ चिनीमातीसदृश पट्ट्या पाठीला पाठ लावून केलेला बेंडर विद्युतदाब दिला की वाकतो. ब्रेल वाचनयंत्रातल्या टाचण्या याच तत्त्वावर वरखाली होतात आणि त्यांचे संच काही प्रयोगशाळांनी स्कॅनरमध्ये वापरलेही आहेत. वेळेचा काटेकोरपणा उत्तम, वारंवारतेचा पट्टा रुंद, आणि एका बोटाखाली अनेक टाचण्यांची नक्षी करता येते. प्रवाह काही मिलिअँपिअर एवढाच लागत असल्याने त्याचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र नगण्य असते. पण दाब शंभर-दोनशे व्होल्टच्या घरात जातो, तेव्हा माणसाच्या बोटाखाली काय बसवतो आहोत याचे भान हवे : दुहेरी विद्युतरोधन, प्रवाहावर मर्यादा घालणारे रोध, आणि घामाचा थेंब आत उतरणार नाही असे आवरण. बेंडरचे बळही मर्यादित असते. मोकळा असताना सुंदर वाकणारा बेंडर जाड बोट टेकले की निम्माही हलत नाही. म्हणून त्याची हालचाल हवेत मोजलेली नको, बोट टेकलेले असताना मोजलेली हवी. खरेदी करताना एक बारकावा पाहावा : काही पट्ट्यांचे विद्युतअग्र निकेलचे असतात, आणि निकेल चुंबकाला ओढले जाते. चांदीचे अग्र मागून घ्यावेत.

पिझोची खरी डोकेदुखी म्हणजे तारा. एमआरआयची खोली तांब्याच्या किंवा तत्सम धातूच्या आवरणाने बंदिस्त केलेली असते, ती बाहेरचा रेडिओगोंगाट आत येऊ नये म्हणून. 3 टेस्लावर स्कॅनर सुमारे 128 मेगाहर्ट्झवर ऐकत असतो. भिंतीत नळ्यांसाठी जे धातूचे पोकळ नळकांडे, म्हणजे वेव्हगाइड, बसवलेले असते त्याची करामत अशी की, ठरावीक मर्यादेपेक्षा कमी वारंवारतेच्या लहरी त्यातून पार होत नाहीत. 10 सेंटिमीटर व्यासाच्या नळकांड्यासाठी ती मर्यादा पावणेदोन गिगाहर्ट्झच्या आसपास येते. हवेची नळी, प्रकाशतंतू, प्लास्टिकचा दांडा त्यातून खुशाल न्यावा. पण त्यातून एक जरी तार नेली, तर ते नळकांडे त्या तारेसाठी केबलचे बाहेरचे कवच होऊन बसते आणि बाहेरची सगळी आकाशवाणी थेट आत येते. तारा न्यायच्या त्या पेनिट्रेशन पॅनेलवरच्या, म्हणजे भिंतीत तारांसाठी बसवलेल्या धातूच्या फळीवरच्या, गाळणीतूनच, पीळ घातलेल्या जोडीने, वर आवरण देऊन आणि आवरणाची सांधणी पॅनेलशी नीट करून. विद्युतदाब वाढवणारा ॲम्प्लिफायर रेषीय पद्धतीचा घ्यावा. स्विचिंग पद्धतीचा स्वस्त असतो, पण त्याचे गुणोत्तरी स्वर थेट आपल्या पट्ट्यात येऊन चित्रावर रेघा उमटवतात.

तारांचा दुसरा धोका भाजण्याचा आहे, आणि तो चित्राच्या दर्जापेक्षा कितीतरी गंभीर आहे. 128 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी हवेत सुमारे 2.3 मीटर, तर शरीराच्या ऊतींत पाव मीटरच्या आसपास असते. त्या लांबीच्या अर्ध्याशी जुळणारी तार अँटेनासारखी वागते आणि तिचे टोक तापते. वेटोळे पडले तर ग्रेडियंटही, म्हणजे चित्र घेताना स्कॅनर झपाट्याने बदलत असलेली चुंबकीय क्षेत्रेही, हात धुऊन घेतात : 200 टेस्ला प्रतिमीटर प्रतिसेकंद एवढ्या बदलाच्या वेगाने, केंद्रापासून 30 सेंटिमीटरवर, 100 चौरस सेंटिमीटरच्या एका वेटोळ्यात 0.6 व्होल्ट निर्माण होऊ शकतो. म्हणून तार मध्यरेषेने, सरळ, त्वचेपासून गादीने वेगळी करून आणि वेटोळे न घालता न्यावी. कार्बन फायबरचा दांडा इथे अनेकांना फसवतो. तो अचुंबकीय असतो हे खरे, पण वाहकही असतो. दांडा हवा असेल तर काचतंतूचा घ्यावा.

याशिवाय दोन मार्ग आहेत, ज्यांचा उल्लेख थोडक्यात करतो. स्कॅनरचेच क्षेत्र वापरून लहान वेटोळ्यात प्रवाह सोडायचा आणि त्या बळाने टाचणी हलवायची, ही कल्पना देखणी आहे; आत चुंबक न्यावाच लागत नाही. लक्षात ठेवायचे ते एवढेच की, समान क्षेत्रात बंद वेटोळ्यावर निव्वळ बळ शून्य असते, मिळते ते पीळबळ, म्हणून रचना तरफेचीच करावी लागते. आणि हात कंबरेशी असतो, तिथे क्षेत्र केंद्रातल्याइतके नसते. माणसाची उंची बदलली की टाचणीचे बळ बदलते. दुसरा मार्ग मनगटातल्या चेतेला (नसेला) विजेचे सौम्य झटके देण्याचा. त्याला माझा विरोध नाही, पण तो ग्राहकांना वळसा घालून जातो, म्हणून त्याला मी स्पर्श म्हणत नाही.

साहित्याबाबत : डेलरिन, ॲक्रिलिक, नायलॉन, पीक (PEEK) ही प्लास्टिके आणि त्रिमितीय छपाईचे साधे प्लास्टिक निर्धोक असते. धातू लागलाच तर पितळ, फॉस्फर ब्राँझ किंवा टायटेनियम, आणि तोही कमीत कमी. ‘स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटत नाही’ यावर विसंबू नये. 304 जातीचे स्टील लेथवर कापल्याने वा वाकवल्याने चुंबकीय होते. पितळी दिसणारा स्क्रू पितळेचा मुलामा दिलेला लोखंडी निघाल्याचे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून बाजारातून आलेला प्रत्येक स्क्रू, स्प्रिंग, वॉशर दोऱ्याला टांगून त्याच्याजवळ ताकदवान निओडिमियम चुंबक नेऊन पाहावा, एकेक करून, ‘त्याच पाकिटातला आहे’ ही सबब न ऐकता.

चाचण्यांचा क्रम मी कधीच बदलत नाही. हाती चुंबकाची परीक्षा झाल्यावर, खोलीच्या सुरक्षा-अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली यंत्र दोऱ्याला टांगून बोगद्याच्या तोंडाशी न्यायचे आणि दोरा किती कलतो ते पाहायचे. 45 अंशांहून कमी कलला तर ओढ वजनापेक्षा कमी आहे, असा प्रमाणित पद्धतीतला अर्थ आहे, पण माझ्या यंत्राचा दोरा दिसण्याइतकाही कलला तरी मी ते परत नेतो. मग फॅन्टमवर, म्हणजे माणसाऐवजी ठेवायच्या चाचणीच्या वस्तूवर, चार स्कॅन : यंत्र खोलीबाहेर, यंत्र आत पण बंद, वीज चालू पण स्थिर, आणि पूर्ण चालू. चारही वेळा कालानुसार संकेत-गोंगाट गुणोत्तर काढायचे. त्याच्या जोडीला रेडिओ-प्रक्षेपण बंद ठेवून फक्त ऐकण्याचा एक स्कॅन घ्यायचा. चोर रेघा तिथे लपू शकत नाहीत. फॅन्टमवर स्वच्छ निघालेले यंत्र माणसावर गोंगाट करू शकते, कारण माणसाचे शरीर स्वतःच अँटेना असते. तेव्हा नीतिसमितीची परवानगी घेऊन एका सहकाऱ्यावर तीच मालिका पुन्हा करावी लागते.

आणि मग ज्या गोष्टीपासून मी सुरुवात केली ती. स्कॅन चालू असताना बोटाखालच्या टाचणीची हालचाल प्रकाशतंतूच्या संवेदकाने मोजा. स्कॅनरची गादी ग्रेडियंटमुळे स्वतःच थरथरत असते. ती थरथर तुमच्या मंद स्पर्शाला झाकून टाकू शकते. टेबलावर स्पष्ट जाणवलेला स्पर्श आत जाणवतो का, हे व्यक्तीला स्कॅन चालू असतानाच विचारावे, आणि जाणिवेचा उंबरठा तिथेच मोजावा. हात गार असतील तर उच्च वारंवारतेची संवेदना बोथट होते, आणि या खोल्या थंडच ठेवलेल्या असतात. मी हात आधी कोमट करून घेतो. यंत्राचा आवाज हाही स्पर्शाबरोबर येणारा दुसरा उद्दीपक असतो. त्यावर उपाय म्हणून एक मालिका अशी घ्यावी की, यंत्र तसेच चालेल पण टाचणी त्वचेला लागणार नाही. त्या मालिकेत जे उजळते ते स्पर्शाचे नव्हे.

डोक्याच्या हालचालीकडेही यंत्रकाराचे लक्ष हवे. धक्का जोरात बसला तर तो मनगट, कोपर, खांदा असा चढत मानेपर्यंत जातो, आणि उद्दीपनाच्या तालावर हलणारे डोके सांख्यिकीला उद्दीपनाचा प्रतिसादच वाटते. हाताखाली आधार घ्या, पण वाळूच्या पिशव्या घेताना सांभाळा. काहींत लोखंडी छर्रे भरलेले असतात. आम्ही तांदळाच्या पिशव्या शिवून घेतल्या आहेत. हात पट्ट्याने बांधावा, मात्र तो एका ओढीत सुटला पाहिजे, आणि आणीबाणीचा फुगा (दाबून मदत मागायचा) नेहमी दुसऱ्या हातात द्यावा.

या सगळ्यावरून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : पाच बोटांचा नकाशा, 20 ते 30 हर्ट्झ, पहिलाच प्रयत्न आणि सोबत रेडिओ-वारंवारतेचा जाणकार नाही, अशी स्थिती असेल तर हवेची रचना घ्या, पण आधी एकाच बोटाची वाहिनी बनवून ती वारंवारता त्वचेवर खरोखर उमटते का ते मोजा आणि मगच उरलेल्या चार कापा. एका बोटावर नक्षी ओळखायची असेल किंवा 100 हर्ट्झच्या वर जायचे असेल, तर पिझोला पर्याय नाही आणि त्याच्या तारांसाठी काही महिने जास्तीचे धरावेत.

तिसरा प्रश्न, 1.5 टेस्लावरच्या यंत्राचा. ते निव्वळ प्लास्टिक आणि हवेचे असेल, तर साहित्याची खात्री करून आणता येईल. त्यात एकही तार असेल तर मात्र त्या केंद्रातला अनुभव इथे ग्राह्य नाही. तिथे लहर हवेत सुमारे 4.7 मीटरची होती, इथे ती अर्धी झाली; जी तार तिथे निरुपद्रवी लांबीची होती ती इथे नेमकी तापणाऱ्या लांबीची असू शकते. ‘एमआर कंडिशनल’, म्हणजे ठरावीक अटींतच सुरक्षित, असा पिवळा त्रिकोण यंत्रावर असेल तर त्याखाली लिहिलेले क्षेत्र वाचा. तिथे 1.5 लिहिले असेल, तर आपल्या स्कॅनरपुरते ते यंत्र तपासलेले नाही असेच समजा आणि दोऱ्याच्या चाचणीपासून पुन्हा सुरुवात करा.